आधी क्रॅंक ठरवा, मग बीबी

तुम्ही ट्रॅक सायकलसाठी सुगिनो 75 क्रॅंकसेट (पेडलचे दांडे आणि पुढचं दातेरी चक्र) जवळपास पक्का केलाय आणि घरी पडून असलेली 109 मिमीची बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रॅंक ज्यावर फिरतात तो फ्रेममधला बेअरिंगसह आस) त्याला चालेल का, असं विचारलंय. वर दोघांनी 'लांबी जुळते, बसवा' म्हटलंय, पण लांबी हा अर्धाच भाग झाला. बीबीच्या आसाची, म्हणजे स्पिंडलची, टोकं चौकोनी आणि निमुळती असतात; या टेपरची दोन मापं असतात, जेआयएस (जपानी मानक) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक). सुगिनो 75 आयएसओ आहे. जेआयएस स्पिंडलवर आयएसओ क्रॅंक चढवला तर तो साधारण 4.5 मिमी बाहेरच अडकतो. म्हणजे चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनपर्यंतचं अंतर) गेली, आणि क्रॅंकचं भोकही खराब होण्याची भीती. तेव्हा घरातल्या बीबीचा टेपर कोणता, ते आधी बघा.

ट्रॅकच्या मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) चेनलाइन बहुतेक 42 मिमी असते. पुढची चेनलाइनही तेवढीच हवी, आणि ती मोजणं सोपं आहे: सीट ट्यूब (सीटखालची फ्रेमची नळी) 28.6 मिमी व्यासाची असेल तर तिच्या कडेपासून चेनरिंगच्या (पुढच्या दातेरी चक्राच्या) दात्याच्या मध्यापर्यंत 27.7 मिमी भरायला हवेत. फिक्स्ड गिअरला (एकच गिअर, पेडल चाकाबरोबर फिरतच राहतं) डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, नसतो, चेन तिरकी चालली की लगेच आवाज करते आणि दाते लवकर झिजतात.

आणि हो, बीबी बसते तिथले फ्रेमचे आटे इंग्लिश आहेत की इटालियन तेही तपासा. इंग्लिशमध्ये बीबीचा उजवा कप (आट्यांचं कडं) उलट्या आट्यांचा असतो. तो जोर लावून चुकीच्या दिशेने फिरवू नका, फ्रेम वाया जाईल.

क्रॅंकच्या दांड्याची लांबी मी 165 मिमीच घेईन. वेलोड्रोमच्या (सायकल शर्यतीच्या ट्रॅकच्या) तिरक्या उतारावर हळू जाताना पेडल घासण्याचा धोका कमी होतो.