वर्णद्वेषाला ख्रिस्ती विश्वासातून उत्तर देता येतं का? माझं मत: येतं, पण नुसत्या प्रार्थनेने नाही

शेवटचा बाक:
मागच्या आठवड्यात आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात मी वर्णद्वेषाचा विषय काढला आणि एक वडीलधारे गृहस्थ लगेच म्हणाले की हा राजकारणाचा विषय आहे, इथे फक्त सुवार्ता. मी तिथे गप्प बसलो पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय.

गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून बघा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, एका पंगतीला बसत होता, सगळं नीट चाललं होतं. मग याकोबाकडची, यहूदी नियम पाळणारी काही माणसं आली आणि पेत्र हळूहळू त्या पंगतीतून मागे सरायला लागला. त्याचं बघून बाकीचे यहूदी, आणि बर्णबासारखा माणूससुद्धा. पेत्राने कुणाला शिवी दिली नाही की कुणाला मंडळीतून हाकललं नाही, त्याने फक्त जेवायची जागा बदलली. तेवढ्यावर पौल त्याला सगळ्यांसमोर तोंडावर बोलला, आणि काय बोलला, तर तुम्ही सुवार्तेच्या सत्याला धरून चालत नाही आहात. म्हणजे कोण कोणाबरोबर बसून जेवतं हाच पौलासाठी सुवार्तेचा प्रश्न होता, राजकारणाचा नाही.

आता दक्षिण आफ्रिकेत काय झालं बघा. १८५७ मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, ठराव केला की खरं तर सगळ्यांनी एकत्रच उपासना करावी, शास्त्रही तेच सांगतं, पण 'काही जणांच्या दुर्बलतेमुळे' वेगळी उपासना चालेल. १८८१ पर्यंत गोरे नसलेल्यांसाठी वेगळं चर्चच निघालं. आणि १९४८ नंतर सरकारने अपार्टहाइड, म्हणजे वंशावरून लोकांना वेगळं ठेवणं, कायद्यात आणलं तेव्हा त्याला शास्त्राचा आधार द्यायला हेच चर्च पुढे होतं. सुरुवात कुठून, तर काही गोऱ्या लोकांना शेजारी बसायला अवघड वाटतं म्हणून दिलेल्या एका सवलतीतून. म्हणून मला वाटतं की वर्णद्वेष हे 'मनातलं पाप' एवढंच म्हणून थांबता येत नाही, ते पंगतीत, खुर्च्यांत आणि पैशात शोधावं लागतं. तुम्हाला काय वाटतं?

सरळरेघ:
असहमत. आणि मी वर्णद्वेषाच्या बाजूने बोलत नाहीये हे आधीच सांगतो. पाप माणसाच्या अंतःकरणात असतं, हे प्रभूने स्वतः सांगितलंय, आणि अंतःकरण ठरावाने बदलत नाही. दर रविवारी वेदीवरून काळा-गोरा काळा-गोरा केलं तर लोक एकमेकांकडे भाऊ-बहीण म्हणून बघायच्या ऐवजी रंग म्हणूनच बघायला लागतील. यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, सगळे ख्रिस्तात एक, हे जर खरं तर ते भेद पुन्हा उकरायचे कशाला?

उदाहरण देतो. १९०६, लॉस एंजेलिस, अझुसा स्ट्रीट. विल्यम सेमूर, गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. एका जुनाट इमारतीत प्रार्थना सुरू केली आणि गोरे, काळे, मेक्सिकन सगळे एकत्र गुडघे टेकायला लागले, तेही अशा काळात की दक्षिणेत कायद्यानेच वेगळं बसवायचे. तिथे कुठली समिती नव्हती की वर्णभेदावर शिबिर नव्हतं. पवित्र आत्म्याने केलं ते.

शेवटचा बाक:
@सरळरेघ अझुसा स्ट्रीट मलाही फार जवळचं आहे. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं पण बघा ना. आधी ह्यूस्टनमध्ये सेमूर ज्या बायबल वर्गाला जायचा तिथे वर्णभेदाच्या नियमामुळे त्याला आत बसू दिलं नाही, तो दाराबाहेर बसून ऐकायचा. शिकवणारे पण आत्म्याविषयीच शिकवत होते! आणि नंतर थोड्याच वर्षांत अझुसातून पसरलेली पेंटेकॉस्टल चळवळ रंगावरून फुटली. १९४८ मध्ये पेंटेकॉस्टल चर्चेसची जी अमेरिकन संघटना झाली ती निव्वळ गोऱ्या चर्चेसची होती. ती विसर्जित कधी झाली, १९९४ मध्ये, मेम्फिसला. तिथे एका गोऱ्या पाळकाने सगळ्यांसमोर एका कृष्णवर्णीय बिशपचे पाय धुतले. आत्म्याने जे दिलं ते टिकवायला कुणीतरी दार उघडं ठेवायचा निर्णय घ्यावा लागतो, तो घेतला नाही म्हणून एवढी वर्षं गेली.

प्रश्नचिन्ह:
मी आस्तिक नाही पण विषय महत्त्वाचा वाटला म्हणून लिहितो. ज्या पुस्तकाच्या आधारे हा आजार पसरवला त्याच पुस्तकातून औषध काढायचा अट्टाहास का?

साधी गोष्ट घ्या. अमेरिकेत व्हर्जिनियात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग, तो गोरा, ती कृष्णवर्णीय, लग्न केलं म्हणून १९५९ मध्ये शिक्षा झाली. त्या खटल्यातल्या न्यायाधीशाने निकालपत्रात लिहिलं की सर्वशक्तिमान देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे ते मिसळावेत असं त्याला वाटत नव्हतं. हे कोर्टाच्या कागदावर आहे. सदर्न बॅप्टिस्ट चर्च १८४५ मध्ये वेगळं झालं ते गुलामांच्या मालकांना मिशनरी म्हणून पाठवता यावं यासाठी, आणि माफी मागितली १९९५ मध्ये, मधे दीडशे वर्षं. बार्बाडोसमध्ये इंग्लंडच्या चर्चच्या मिशन संस्थेचा उसाचा मळा होता, तिथल्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' असा शब्द डागायचे. हे सगळे रविवारी प्रार्थना करणारेच लोक होते ना?

आणि बदल कशाने झाला? १९५४ चा शाळांतला वर्णभेद रद्द करणारा निकाल, १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६७ मध्ये लव्हिंग दांपत्याच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल. न्यायालय आणि संविधान. विश्वास असेल तर घरात ठेवा, काही हरकत नाही, पण श्रेय द्यायचं तर कायद्याला द्या.

पहाटतारा:
@प्रश्नचिन्ह तुम्ही दिलेली सगळी उदाहरणं खरी आहेत आणि आम्हा ख्रिस्ती लोकांना ती तोंडपाठ असायला हवीत, ती तुमच्याकडून ऐकायची वेळ यायला नको होती.

पण एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवते. १८०७ मध्ये लंडनमध्ये एक बायबल छापलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी 'निवडक भाग' म्हणून. जुन्या कराराचा साधारण नव्वद टक्के भाग गायब आणि नव्या कराराचा अर्धा. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला ते आहे, पण इस्राएल लोक मिसरातून सुटले ते नाही. दासांनो धन्यांची आज्ञा पाळा हे ठेवलंय, ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही हे काढून टाकलंय. ज्यांनी ती पानं काढली त्यांना पक्कं माहीत होतं त्या पानांत काय आहे ते. पुस्तक जर गुलामगिरीच्याच बाजूचं असतं तर एवढं कापायची गरज काय होती?

तो हामाचा शाप म्हणतात, ज्याच्या नावाने काळ्यांची गुलामगिरी योग्य ठरवली, तोही तसाच. उत्पत्तिचा नववा अध्याय उघडा, नोहाने शाप कनानाला दिलाय, हामाला नाही, आणि कातडीच्या रंगाचा तिथे एक शब्द नाही. उलट गणना या पुस्तकात मोशेची बहीण मिर्याम त्याच्या कूशी बायकोवरून, म्हणजे आफ्रिकेतल्या बाईवरून, कुरकुर करते तेव्हा मिर्यामेच्याच अंगावर कोड फुटतं, बर्फासारखं पांढरं. लहानपणापासून कितीतरी प्रवचनं ऐकली, हे कुणी सांगितलेलं आठवत नाही.

आणि तो १९६४ चा कायदा आपोआप आला का हो? माँटगमरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीय लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, त्याच्या सभा कुठे व्हायच्या, चर्चमध्ये. पुढारी कोण, २६ वर्षांचा एक पाळक, मार्टिन ल्यूथर किंग. सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये बॉम्ब कुठे ठेवला, सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये, रविवारी सकाळी, चार मुली गेल्या. ठेवणाऱ्यांना बरोबर कळत होतं की बळ कुठून येतंय. फ्रेडरिक डग्लस गुलामगिरीतून पळून आलेला माणूस, त्याने १८४५ मध्येच लिहून ठेवलंय की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यात त्याला प्रचंड अंतर दिसतं, एकावर प्रेम करायचं तर दुसऱ्याचा द्वेष करावाच लागतो. मी डग्लसच्या बाजूला आहे.

प्रश्नचिन्ह:
पानं कापल्याचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो मान्य. पण मग त्याच बर्मिंगहॅमच्या बाकीच्या पाळकांचं काय? मार्टिन ल्यूथर किंगने तुरुंगातून पत्र लिहिलं एप्रिल १९६३ मध्ये ते कोणाला उद्देशून, आठ गोऱ्या धर्मगुरूंना, ज्यांनी निवेदन काढलं होतं की निदर्शनं अवेळी आहेत, कोर्टात जा, धीर धरा. आणि ती मंडळी उघड द्वेष करणाऱ्यांपैकी नव्हती, मवाळच समजली जायची. त्यांचाही विश्वास होताच की.

परतीची वाट:
एवढं वाचून मला माझं सांगावंसं वाटतंय. आम्ही परदेशात राहतो. ज्या चर्चला जातो तिथे सगळे गोरे, चार-पाच कुटुंबं सोडली तर. लोक चांगले आहेत, मुद्दाम सांगते, कुणी कधी वाईट बोललेलं नाही. पण दाराशी स्वागताला जे उभे असतात ते आम्हाला विचारतात, पहिल्यांदाच आलात का? आणि पाहुण्यांसाठीचं ते कार्ड हातात देतात, नाव लिहा, पत्ता लिहा. चार वर्षं झाली. माझ्या नवऱ्याने तिथे दोनदा वाचन केलंय, मी संडे स्कूलमध्ये शिकवलंय. मधे एक दिवस माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ते कार्ड हातात घेतलं आणि मला विचारलं, आई आपण अजून पाहुणेच आहोत का?

मी पाळकांना जाऊन सांगितलं तर ते म्हणाले की आमच्याकडे आम्ही रंग बघतच नाही. @सरळरेघ, तुमचं वाचताना मला तेच वाक्य आठवलं, राग नका मानू. रंग बघत नाही म्हणजे मग चेहराही बघत नाही असं होतं कधीकधी.

आणि खरं सांगायचं तर मी पण काही वेगळी नाही. त्याच चर्चमध्ये एक नायजेरियन कुटुंब येतं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या शेजारी कितीदा बसले असेन? कधीच नाही. का ते मला नीट माहीत आहे, फक्त आजपर्यंत स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

सरळरेघ:
@परतीची वाट ताई, राग नाही आला. मुलीचा प्रश्न वाचून वाईट वाटलं. 'रंग बघत नाही' हे मी चांगल्या अर्थानेच म्हणत आलोय, पण ऐकणाऱ्याला ते कसं लागतं याचा विचार केला नव्हता. ते वाक्य मी मागे घेतो.

पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. चार्ल्स्टनला जून २०१५ मध्ये इमॅन्युएल या कृष्णवर्णीयांच्या चर्चच्या बायबल अभ्यासात एका गोऱ्या मुलाने नऊ जणांना गोळ्या घातल्या. त्यांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं होतं, तासभर तो त्यांच्यात होता. आणि दोनच दिवसांनी कोर्टात नातेवाइकांनी त्याला सांगितलं की आम्ही तुला क्षमा करतो. हे कुठला कायदा करू शकतो? क्षमा हेच ख्रिस्ती उत्तर. तुम्ही पैसे, भरपाई यावर आलात की मग ते जगासारखंच झालं. आणि यहेज्केल १८ स्पष्ट आहे, मुलाने बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यासाठी आजच्या विश्वासणाऱ्याने का भरायचं?

पहाटतारा:
चार्ल्स्टनच्या त्या लोकांपुढे मी नतमस्तक आहे. पण ती क्षमा त्यांनी दिली, ती त्यांची होती. बाकीच्यांनी ती उचलून 'बघा, अशी क्षमा करायची असते' म्हणून दुसऱ्या दुखावलेल्यांना दाखवायची नसते. ज्याच्यावर घाव पडला त्यालाच क्षमा करायला सांगायचं आणि ज्याने घातला त्याला काहीच विचारायचं नाही, हा अर्धाच पश्चात्ताप झाला. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय बघा ना. येशू घरी आल्यावर तो नुसता रडला नाही, म्हणाला ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट देतो. त्यावर येशू म्हणाला आज या घराला तारण झालं.

यहेज्केलाचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी २७२ गुलाम माणसं विकली, बायका-मुलांसकट, आणि त्यातले काही पैसे जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडायला गेले. विकणारे मेले, कॉलेज आहेच. मी बापाच्या पापाची गोष्ट करत नाहीये, बापाने दुसऱ्याच्या घरातून आणलेली वस्तू अजून माझ्या घरात आहे त्याची करतेय. २०२१ मध्ये जेझुइटांनी त्या लोकांच्या वंशजांसाठी १० कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं. उशीर झाला पण दिशा जक्कयाची आहे. आणि नहेम्याची प्रार्थना वाचा, पहिला अध्याय. गुन्हा आधीच्या पिढ्यांचा, तरी तो म्हणतो मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलंय.

प्रश्नचिन्ह:
घरातल्या वस्तूचं पटलं. मी फक्त एवढंच म्हणेन की वचन दिलंय तर हिशोब उघड्यावर ठेवायला हवा, कुणी बाहेरचं तपासणारं हवं. तिथे कायद्याचा माणूस लागेलच तुम्हाला.

शेवटचा बाक:
लागू दे की, त्यात अडचण काय. पौल पण गरज पडली तेव्हा कैसराकडे दाद मागायला गेलाच.

@परतीची वाट, तुमचं कार्डाचं वाचल्यापासून मला प्रेषितांची कृत्ये ६ आठवतंय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलत होते. त्यांनी तक्रार केली तेव्हा बारा प्रेषितांनी 'आपल्यात भाषा आणू नका' असं म्हटलं नाही. सात माणसं नेमली आणि वाटप त्यांच्या हातात दिलं. त्या सातांची नावं सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात किल्ल्या दिल्या. गटाच्या पुढच्या अभ्यासाला मी हाच अध्याय घेतोय, आणि ज्या वडीलधाऱ्यांनी मला थांबवलं त्यांनाच वाचायची विनंती करणार आहे. वाचल्यावर ते काय म्हणतील ते इथे येऊन लिहीन.

सरळरेघ:
नावं आत्ता काढून बघितली. खरंच सगळी ग्रीक, आणि शेवटचा तो निकलाव तर यहूदी मतात आलेला परराष्ट्रीय, त्यात अंत्युखियाचा, म्हणजे तुम्ही सुरुवातीला जिथली पंगत सांगितली त्याच गावचा. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पैशाचं मला अजून पटलेलं नाहीये, नहेम्या पूर्ण वाचून मग लिहितो.

परतीची वाट:
@शेवटचा बाक नक्की लिहा. मी पण दाराशी स्वागताला उभं राहण्यासाठी आज नाव दिलंय. होय म्हणाले तर कळवते.