हायड्रेंजिया आणि गुलाबाची छाटणी कधी करायची? (पाचगणी)

पाचगणीची_बाग: बंगल्याच्या आवारात मोठ्या निळ्या गेंदांचा हायड्रेंजिया, गुलाब आणि अझेलिया आहेत. सगळ्यांची छाटणी डिसेंबरात होते. गुलाबाची कोवळी फूट जानेवारीत काळी पडते, हायड्रेंजियाला पानं रगड पण फूल एक नाही. खत कमी पडतंय का?

माळीकाम: खत नाही, कात्री चुकतेय. हा हायड्रेंजिया जुन्या फांदीवर फुलतो. पावसाळा सरता सरता शेंड्याच्या डोळ्यात पुढच्या बहराचं फूल तयार होतं. डिसेंबरात शेंडा उडवला की बहरच गेला. गेंद सुकायला लागले की लगेच, फार तर ऑगस्टअखेरपर्यंत, त्यांच्या खालच्या पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर कापा. अगदी जून फांद्या बुडातून काढा, पण एका वर्षी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. अझेलियालाही हाच न्याय, फुलं गळाली की लगेच. निमुळत्या गेंदांची पॅनिक्युलाटा जात तेवढी नव्या फुटीवर फुलते, ती थंडी सरल्यावर खुशाल छाटा.

जांभा_माती: पण ऑगस्टात आपल्याकडे पाऊस कुठे थांबतो? उघडीप बघूनच कात्री लावा, नाहीतर कापातून कूज शिरते. जाड कापाला बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, त्याच दिवशी संपवा. लोखंडी भांडं नको. आणि हायड्रेंजियाच्या बुडाशी चुना सांडू देऊ नका, निळा रंग गुलाबीकडे झुकतो.

वेण्णाकाठ: गुलाबाचं काळं पडणं म्हणजे गोठलेलं दव. निरभ्र रात्री गार हवा सखल भागात साचते, म्हणून वेण्णा तलावाकडे ते आधी दिसतं. छाटलं की फूट येते, आणि कोवळी फूटच आधी मरते. कराड-सांगलीचा ऑक्टोबर अखेरचा मुहूर्त इथे उशिराचा. पाऊस थांबताच ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटा, ४५ ते ५० दिवसांत फुलं मिळतात. ते हुकलं तर थेट फेब्रुवारी. काप बाहेरच्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका.

पाचगणीची_बाग: मग आत्ता काळे पडलेले शेंडे आणि हायड्रेंजियाचे सुकलेले गेंद?

वेण्णाकाठ: दोन्ही राहू द्या. गेंद खालच्या डोळ्यांवर पांघरूण धरतात. थंडी ओसरल्यावर नखाने साल खरवडा, हिरवं लागेल तिथवरच कापा.