मारुती ८०० चा जुना रंग आणि गंज कसा काढायचा?

बाबांची १९९६ ची ८०० आहे, गाडी रत्नागिरीला असते. खाऱ्या हवेने दाराखालचा पत्रा फुगलाय, बोट लावलं की पापुद्रे सुटतात. रंग पूर्ण काढू की नुसतं घासून वरून मारू? विकायची नाहीये, बाबांचा जीव आहे तिच्यात.

प्रतिसाद १: दादा फुगलंय तिथे वरून अजिबात मारू नका, गंज आत चालूच राहतो आणि पावसाळ्यात परत फोड येतात. तिथे पत्रा चकचकीत दिसेपर्यंत ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा, बाकी रंग घट्ट असेल तर ३२० ने खरवडला तरी पुरे. पेंट रिमूव्हर वापरलात तर हातमोजे घाला, कातडी भाजते, आणि रबर-प्लास्टिकला लागू देऊ नका. ग्राइंडर एका जागी धरू नका हं, पत्रा तापून वाकतो.

प्रतिसाद २: आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, आरपार गेला तर कापून नवा तुकडा वेल्ड करा, नुसती लांबी (पुट्टी) भरू नका. आणि उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, कोकणात सकाळी लालसर झालेला असतो, थिनरने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा.

प्रश्नकर्ता: टोचलं, ड्रायव्हरच्या बाजूला आरपार गेला. उद्याच वेल्डरकडे नेतो.