वरातीत छर्रे लागले, पोलीस ठाण्यात म्हणतात 'किरकोळ दुखापत'. मदत हवी आहे

वरातीत एकाने परवान्याच्या बारा बोर बंदुकीतून हवेत बार काढताना नळी खाली आली आणि मावसभावाच्या पिंढरीत चार छर्रे घुसले. एक्स-रेत नडगीला बारीक तडा दिसतोय, दोन छर्रे आतच आहेत. पोलीस म्हणतात, मिटवून घ्या. कलम कोणतं लागेल? छर्रे काढायचे का?

काळा कोट:
तडा आहे ना? मग ती किरकोळ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये हाड मोडणं ही थेट गंभीर दुखापत आहे, तडाही त्यात येतो. किती दिवस अ‍ॅडमिट होता हे इथे विचारायचंच नाही. कलम १२५(बी), म्हणजे बेपर्वाईने गंभीर दुखापत: ३ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १२५(ए), म्हणजे साधी दुखापत, लावलं की सहा महिन्यांवर येतं. सगळा खेळ त्या एका अक्षराचा. म्हणून एमएलसीच्या (दवाखान्यात पोलीस केस म्हणून झालेल्या नोंदीच्या) कागदावर 'फ्रॅक्चर' हा शब्द आलाय का ते आधी बघा.

शिवाय शस्त्र कायदा, कलम २५(९). २०१९ च्या दुरुस्तीत आलं, खास अशा आनंदाच्या गोळीबारासाठी: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. १२५ जखमी माणूस मिटवू शकतो, हे नाही.

एफआयआर घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहिता १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवा. तरी हालचाल नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

एक्स-रेवाला:
मांसात खोल बसलेले छर्रे बहुधा तसेच ठेवतात, उकरताना शिरा दुखावतात. घोट्याच्या सांध्यात असेल तर मात्र काढायचाच. सांध्याच्या पाण्यात शिसं विरघळून रक्तात उतरतं. एमआरआयची वेळ आलीच तर आत छर्रे आहेत हे आधी सांगा, पोलादी असले तर सरकू शकतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना?

काळा कोट:
बारा बोरची नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे छर्र्यावरून बंदूक ओळखता येत नाही. ओळख पटते ती रिकाम्या काडतुसाच्या पितळी बुडावर उमटलेल्या बंदुकीच्या पिनच्या ठशावरून. ते काडतूस पंचनाम्यात आलंच पाहिजे. आणि पँट धुऊ नका, भोकांभोवतीचा काळेपणा किंवा त्याचा अभाव यावरून बार किती अंतरावरून झाला ते ठरतं.

धागाकर्ता:
पँट काल रात्रीच बादलीत भिजत घातली होती...

काळा कोट:
पिळू नका. सावलीत वाळवा, कागदी पिशवीत घाला (प्लास्टिकमध्ये बुरशी येते) आणि जबाबात पाण्यात घातल्याचं सांगून टाका. उलटतपासणीत ते बाहेर येण्यापेक्षा बरं.