मदत हवी आहे: एसपीएफ ५० लावूनही शेतात आईचा चेहरा काळवंडतोय

मार्कंडेय_काठ
नमस्कार मंडळी. आई (५२) बेळगावजवळ उचगाव भागात शेतात असते, सकाळी ८ ते दुपारी ३. मिरचीची भांगलण चालू आहे. दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांग वाढत चाललेत. मेडिकलमधून एसपीएफ ५० च्या सनस्क्रीनची (ऊन अडवणाऱ्या क्रीमची) ५० ग्रॅमची ट्यूब आणली, ती अडीच महिने झाले तरी सरली नाही आणि फरक तर काहीच नाही. घामाबरोबर डोळ्यांत उतरून चुरचुरतं ते वेगळंच. आता १०० वालं घेऊ का? ढग असले तर लावायचं का? शेजारच्या काकू लिंबू-हळद लावा म्हणायलेत, चालेल का?

काउंटरमागून
ट्यूब सरली नाही, तिथंच घोळ आहे. डब्यावरचा आकडा मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देतात. चेहरा, कान, मान मिळून तो थर बसवायचा तर तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. साधारण एक-सव्वा ग्रॅम भरेल. दिवसातून तीनदा लावलं तर ५० ग्रॅम दोन आठवड्यांत संपतंच. वाटाण्याएवढं चोपडलं की ५० चा आकडा नुसता डब्यावर उरतो.

१०० च्या मागे लागू नका. ३० वालं नीट लावलं तर जळवणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांतले सुमारे ३ टक्के आत येतात, ५० वाल्यातून २, १०० वाल्यातून १. एक-दोन टक्क्यांसाठी जादा पैसे घालवण्यापेक्षा तेवढ्यात दुसरी ट्यूब घ्या. एसपीएफ फक्त यूव्हीबीचा हिशेब सांगतो. काळवंडण्यामागच्या यूव्हीएसाठी ‘पीए’पुढची अधिकची चिन्हं बघा, तीन किंवा चार हवीत. आणि एकावर एक दोन क्रीम लावली म्हणून आकड्यांची बेरीज होत नाही.

टिळकवाडी_तिसरं_गेट
लिंबू अजिबात नको! लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे जे काळे डाग उरतात ते महिनोन्‌महिने जात नाहीत. हळदीने किंवा खोबरेल तेलाने ऊन अडत नाही.

ढगांचं म्हणाल तर पातळ मळभातून बरेचसे अतिनील किरण खाली येतातच. आपल्याकडे आणखी एक गैरसमज आहे: बेळगावची हवा थंड, म्हणजे ऊनही सौम्य. गारवा वाऱ्याचा आणि उंचीचा. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर हे किरण उलट थोडे जास्तच. घड्याळापेक्षा सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास, म्हणून मे महिन्यात साडेनऊ ते साडेतीन हा वेळ वाईट. डिसेंबरातसुद्धा भर दुपारी सावली आखूडच असते.

मार्कंडेय_काठ
दोन आठवड्यांत एक ट्यूब परवडायची नाही हो. आणि मातीच्या हातांनी दुपारी परत लावणार कसं?

ओपीडी_दुपारची
म्हणूनच आधी कापड. साडीवर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट बायका घालतातच, तो गडद रंगाचा आणि घट्ट विणीचा असू दे. उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसलं तर ते कापड कामाचं नाही. घामाने चिंब झालेलं पातळ सुती कापड किरण आणखी आत सोडतं. चार बोटं रुंद काठाची टोपी, मानेवर टॉवेल. मग क्रीम लागेल ते फक्त गाल, नाक, ओठांभोवती आणि हातांच्या पाठीवर.

घराबाहेर पडण्याआधी १५ मिनिटं लावा. कपाळावर भुवयांच्या वर एक बोट जागा सोडा आणि तिथं सुती पट्टी बांधा, म्हणजे घाम डोळ्यांत उतरत नाही. डोळ्यांजवळ झिंक ऑक्साइडवालं कमी चुरचुरतं. दुपारी जेवायला हात धुतातच, तेव्हा चेहरा टिपून (घासून नव्हे) परत लावा. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे दिवसभर टिकणारं नव्हे. ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने क्रीम फाटतं. पाणी वेगळं आणि रवा वेगळा दिसला तर टाकून द्या.

वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, साध्या उजेडानेही वाढतात. पांढऱ्या क्रीमने तो उजेड पुरेसा अडत नाही, त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन मागा. आणि आधी एक विचारा: आई ‘गोरं करणारं’ क्रीम लावते का? वेष्टनावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. फार दिवस लावलं असेल तर एकदम तोडू नका, भडका उडतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून कमी करा.

मार्कंडेय_काठ
तसलं क्रीम नाही लावत. पण खाज खूप येते, मानेला आणि पापण्यांवर जास्त.

ओपीडी_दुपारची
हे आधी सांगायला हवं होतं की! वांगाला खाज नसते. ऊन बाधलं असेल तर हनुवटीखाली, कानामागे आणि वरच्या पापणीवर सहसा काही नसतं, कारण तिथं सावली पडते. पापण्या, मानेच्या घड्या, कोपराची आतली बाजू खाजत आणि जाड होत असेल तर बांधावरच्या काँग्रेस गवताचा संशय घ्या. त्याची धूळ हवेतून बसते, सनस्क्रीनने थांबत नाही. भांगलताना ते गवत आईला उपटू देऊ नका, पेटवूही नका. शेतातून आल्याबरोबर आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत जाताना बीपी-शुगरच्या गोळ्यांची पाकिटंही न्या. हायड्रोक्लोरोथायझाइडसारख्या काही गोळ्यांनीही ऊन बाधतं.