हेडटॉर्चचे १८६५० सेल रात्रभर चार्जिंगला ठेवले तर चालतंय का?

भोगावतीकाठ
नमस्कार मंडळी, गाव करवीर तालुक्यात, ऊस आहे, आणि थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते त्यामुळं आबांना रात्री दारं धरायला जावं लागतंय. गव्याची भीती, त्यात साप, म्हणून त्यांना चांगली हेडटॉर्च घेऊन दिलीय, त्यात दोन १८६५० सेल बसतात, म्हणजे चार्जिंगचे लिथियम सेल. जुने सेल उतरले म्हणून बाजारातनं नवीन जोडी आणि दोन खणांचा चार्जर आणला. सेलवर ९८०० एमएएच (सेलात किती चार्ज मावतो तो आकडा) लिहिलंय पण टॉर्च जुन्या सेलएवढी पण चालत नाही. दुसरं म्हणजे चार्जिंगला लावले की डावीकडचा सेल चांगलाच तापतोय, उजवीकडचा नुसता कोमट. आबा दिवसभर रानात, त्यामुळं चार्जिंग रात्रीच, ते पण त्यांच्या कॉटशेजारी खिडकीत, पडद्याखाली. हिरवी लाईट लागली की चार्जर आपोआप बंद होतोय म्हणं, मग रात्रभर राहिला तर चालेल का? आणि जुन्यातला एक सेल मीटरवर १.८ व्होल्ट दाखवतोय, चार्जर घेतच नाही, तो जिवंत करता येईल का?

उद्यमनगर_वर्कशॉप
भावा आधी तो चार्जर आबांच्या कॉटपासून हलव, आज रात्रीच, बाकीचं सावकाश वाच. पडद्याखाली तर अजिबात नको. फरशीवर किंवा कडाप्प्यावर ठेवायचा, आजूबाजूला कपडा, कागद, गवत काही नको, आणि घरात जागं माणूस असतानाच लावायचा.

आता ९८०० चं. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, तेवढ्या डब्यात चांगल्या कंपनीचा सेल साधारण २००० ते ३५०० एमएएच देतो, ९८०० बसतच नाही, तो आकडा सरळ खोटा आहे. वजन करून बघ, गुजरीत ओळखीचा सोनार असला तर त्याच्या काट्यावर टाक. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, फारच हलका लागला तर आत माल कमी आहे.

चार्जिंगचं असं असतंय, लिथियम आयन सेल ३.६-३.७ व्होल्टचा, फुल्ल झाला की ४.२. चांगला चार्जर आधी ठरावीक करंट देतो, ४.२ ला पोचला की व्होल्टेज तिथंच धरून करंट कमी कमी करत नेतो आणि शेवटी पूर्ण तोडतो. स्वस्तातल्या काही चार्जरात हे तोडणंच नीट नसतंय, लाईट हिरवी होते आणि आतनं करंट चालूच राहतो. म्हणून हिरव्या लाईटवर विश्वास ठेवायचा नाही, मीटर आहे ना तुझ्याकडं, डीसी २० व्होल्टवर ठेव, हिरवी झाल्या झाल्या सेल काढून मोज. ४.१५ ते ४.२० आला तर बरोबर. ४.२५ च्या वर गेला तर तो चार्जर परत लावायचाच नाही.

डावा सेल तापतोय त्याचं पण बघता येतंय. दोन्ही सेलची जागा बदल आणि हात लावून बघ. उष्णता सेलबरोबर उजवीकडं गेली तर सेल खराब, डावीकडंच राहिली तर खण खराब. कोमट चालतंय, हातात धरवत नसेल तर लगेच काढायचा.

शिये_फाटा
१.८ वाला फेकू नको की. मी चांगल्या सेलच्या प्लसला प्लस मायनसला मायनस वायर धरून थोडा वेळ झटका देतो, व्होल्टेज वर आलं की चार्जर घेतोय मग. कितीतरी पॉवर बँकांचे सेल असे चालू केलेत.

उद्यमनगर_वर्कशॉप
दादा तुम्ही करताय त्यात हात चांगला बसलेला असेल, पण हे दुसऱ्याला सांगू नका, विशेषतः ज्याचा सेल कपाळावर बांधला जाणार आहे त्याला. सेल अडीच व्होल्टच्या खाली जाऊन तसाच पडून राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतंय, आणि परत चार्ज केला की तेच तांबं नको तिथं जमतंय आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतोय. वरनं काहीच दिसत नाही, मीटरवर ४.२ पण दाखवेल, आणि मग एखाद्या चार्जिंगला पेटेल. चार्जर तो सेल घेत नाही म्हणजे चार्जर तेवढं तरी काम बरोबर करतोय. टाकून द्यायचा तो.

आणि सेलवरचं प्लास्टिक बघून घ्या सगळ्यांनी, प्लसच्या टोकाजवळ खास करून. बाहेरचा अख्खा डबा मायनस असतोय, प्लसचं बटन आणि डब्याची कड यात एक कागदी चकती आणि पातळ प्लास्टिक एवढंच अंतर आहे. तिथं प्लास्टिक फाटलं असेल आणि सेल खिशात किल्ल्यांबरोबर पडला तर सरळ शॉर्ट.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
मधेच विचारते, सासूबाईंच्या बीपी मशीनला रिचार्जेबल पेन्सिल सेल घेतलेत, निकेल मेटल हायड्राइड लिहिलंय, १.२ व्होल्ट. याच चार्जरात बारीक सेलची पण जागा दिसते, त्यात लावू का?

उद्यमनगर_वर्कशॉप
ताई, चार्जरवर निकेलचं नाव स्पष्ट लिहिलं असेल तरच. निकेलचा सेल फुल्ल झाला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतंय, त्याचा चार्जर ते ओळखून थांबतो. लिथियमचा चार्जर ४.२ व्होल्टची वाट बघत बसेल आणि सेल उकळून निघेल. उलटं केलं, म्हणजे लिथियम सेल निकेलच्या चार्जरात घातला, तर जास्तच वाईट, आग लागू शकते. अजून एक, १४५०० नावाचा लिथियम सेल हुबेहूब पेन्सिल सेलच्या मापाचा येतो पण ३.७ व्होल्टचा, दुकानदारानं चुकून दिला आणि बीपी मशीनमधे गेला तर मशीन जाईल. सेलवरचं व्होल्टेज वाचूनच घ्या.

भोगावतीकाठ
सगळं करून बघितलं. वजन ३१ ग्रॅम भरलं. सेलची जागा बदलली तर उष्णता डावीकडंच राहिली. आणि हिरवी झाल्यावर डावीकडचा सेल मोजला तर ४.३१, उजवीकडचा ४.१९. आबांना दाखवलं तर ते म्हणाले टॉर्च नसली तरी चालंल पण हे घरात नको.

उद्यमनगर_वर्कशॉप
आबांचं बरोबर आहे. ४.३१ म्हणजे तो खण सेलला दर वेळी गरजेपेक्षा जास्त भरतोय. चार्जर बाद, सेल पण बाद. तो फुल्ल सेल तसाच घरात ठेवू नको, हाताला गार लागत असेल तर टॉर्चमधे घालून अंगणात मोकळ्या जागेत उतरू दे.

नवीन घेताना प्रत्येक खणाला वेगळी लाईट आणि वेगळं कंट्रोल असलेला घे. काही चार्जरात दोन्ही खण आतनं एकमेकांनाच जोडलेले असतात, एक भरलेला आणि एक उतरलेला सेल एकदम घातले की एकातनं दुसऱ्यात धडाधड करंट जातो. अर्ध्या अँपिअरचा असला तरी चालतंय, २५०० चा सेल पाच-सहा तास घेईल पण तापणार नाही. सेलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर नं सुरू होणारा नंबर बघ. शिक्का पण खोटा छापणारे आहेत, म्हणून बिल घेऊनच घ्यायचे, आणि दोन्ही सेल एकाच वेळचे, नवा-जुना जोडी करायची नाही. पावसात भिजून आलेली टॉर्च आधी पुसून कोरडी करायची, मगच चार्जिंग. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी लावू नको, ४५ डिग्रीच्या वर लिथियम चार्ज करायचाच नसतो.

शिये_फाटा
झटका देणं बंद करतो मी. पण समजा पेटलाच तर काय, वाळू टाकायची का?

उद्यमनगर_वर्कशॉप
आधी मेन बंद, माणसं बाहेर, तो धूर विषारी असतोय, हुंगायचा नाही. मग १०१ ला फोन. एकटा सेल असेल, वीज तोडलेली असेल आणि लांबनं जमत असेल तर भरपूर पाणी, कारण सेल थंड करणं महत्त्वाचं, नाहीतर विझल्यासारखा वाटून परत पेटतो. वाळूनं ज्वाळा दबते पण सेल गार होत नाही.

भोगावतीकाठ
शेवटचं, हे बाद सेल घंटागाडीत टाकू का भंगारवाल्याला देऊ?

उद्यमनगर_वर्कशॉप
दोन्ही नको, गाडीत दाबले गेले की पेटतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव, प्लास्टिकच्या डब्यात घालून घराबाहेर सावलीत ठेव. २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमानुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळं नवीन जोडी घेतोस त्या दुकानात आधी विचार, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडं दे. १.८ वाल्याला पण पट्टी लाव, रिकामा वाटला तरी.