मदत हवी आहे : टॉवेल कडक होतो तो हायड्रोजन बाँडमुळे की बोअरच्या पाण्यामुळे?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, त्यामुळे घरात टॉवेलांना तोटा नाही.

गच्चीवर वाळत घातलेला सुती टॉवेल संध्याकाळी असा कडक होतो, की त्यापेक्षा आमची कडक भाकरी मऊ वाटावी. त्याच दोरीवरचा पॉलिस्टरचा शर्ट मात्र जसाच्या तसा. आई म्हणते, बोअरच्या पाण्यातले क्षार. मी ऐटीत सांगितलं, हायड्रोजन बाँड! कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजची लांब साखळी, प्रत्येक कडीवर तीन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट. साखळीच्या आत कोव्हॅलंट बाँड, म्हणजे अणूंमधले पक्के बंध; शेजारच्या साखळ्यांत हायड्रोजन बाँड, म्हणजे एकीच्या ओएचमधल्या हायड्रोजनची दुसरीच्या ऑक्सिजनकडे असलेली हलकी ओढ. पॉलिस्टरच्या साखळीत असे ओएच गट नसतात.

मग मीच अडकले. हायड्रोजन बाँड तर कमकुवत, मग एवढा कडकपणा कुठून? आणि पाण्यात टाकताच टॉवेल लुळा पडतो म्हणजे बाँड तुटले ना? मग सगळं कापडच मिठासारखं विरघळत का नाही?

उत्तर १
आईचं ऐका. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका, विषय संपला.

उत्तर २
विषय संपत नाही हो, तिचा प्रश्न चांगला आहे. हायड्रोजन बाँड तोडायला साधारण २० किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते, कार्बन-कार्बनच्या कोव्हॅलंट बाँडला ३५० च्या आसपास. पण कापसाच्या एका साखळीत हजारो कड्या असतात आणि ती शेजारणीला तितक्याच जागी धरून असते. मिठातला आयन (विद्युतभार असलेला कण) सुटा, पाणी त्याला घेरून एकेक करून घेऊन जातं. इथे सगळ्या गाठी एकाच वेळी सुटल्या तरच साखळी निघणार. शिवाय घट्ट रचलेल्या स्फटिकी भागात पाणी शिरत नाही, ते सैल भागात आणि तंतूंच्या पृष्ठभागावर शिरतं. म्हणून टॉवेल फुगतो, मऊ पडतो, विरघळत नाही.

कडकपणाची गंमत वेगळीच. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठ आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की वाळल्यावरही तंतूंवर थोडं पाणी धरून राहतं आणि तेच तंतूंना एकमेकांना चिकटवतं. वाळलेला टॉवेल झटकला की मऊ होतो तो पाण्याचे हे पूल मोडल्यामुळे.

क्षारांचा वाटा काढायचा तर एक नॅपकिन बॅटरीच्या पाण्यात (म्हणजे क्षार काढलेल्या डिस्टिल्ड पाण्यात) तीन-चारदा खळबळून वाळव.

धागाकर्ती
केलं, काका! मागावरून आणलेले दोन नॅपकिन घेतले. बॅटरीच्या पाण्यातलाही कडक झालाच, बोअरचा जरा जास्त. मी जिंकले म्हणून आईला दाखवायला गेले, तर वडील जेवता जेवता म्हणाले, "सुताची खळ काढली होतीस का आधी?"

नव्हती. खळ म्हणजे स्टार्च, तीही ग्लुकोजचीच साखळी. रविवारी पुन्हा करते.